काचेवरचं अदृश्य बोट

गुरुग्रामला बहिणीकडे उतरलो होतो. भाचा लॅपटॉपवर मोबाइलचा खेळ खेळत बसलेला, तोही शेजारी शेजारी दोन खिडक्या उघडून. डब्ल्यू दाबलं की दोन्हीकडचे गडी एकदम पुढं. "हीच कळ पुढं जायची, हे ठरवलं कुणी?" मी विचारलं.

"डिफॉल्ट असतं ते, मामा."

१९९६ च्या 'क्वेक' या खेळात ते डिफॉल्ट नव्हतं; चालायला बाणांच्या कळा होत्या. पण 'बाइंड' नावाची आज्ञा होती. हव्या त्या कळेला हवं ते काम लावून द्या. डेनिस फाँग ऊर्फ थ्रेश डावा हात डब्ल्यू-ए-एस-डीवर नि उजवा माउसवर ठेवून खेळायचा. १९९७ मध्ये त्यानं 'क्वेक'ची स्पर्धा जिंकली आणि खेळाच्या कर्त्यांपैकी एक, जॉन कारमॅक, याची फेरारी घरी नेली. मग काय, जो तो त्याच्यासारख्या कळा लावू लागला. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'मध्ये त्या मुळातच लावून आल्या.

फोनच्या काचेला मात्र कळाच नाहीत. इथं गुरुग्राम येतं. आयआयटी दिल्लीत शिकलेले रोझेन शर्मा 'ब्लूस्टॅक्स' कंपनीच्या संस्थापकांपैकी. मुख्यालय कॅलिफोर्नियात, एक कचेरी इथं. २०११ पासून त्यांचं सॉफ्टवेअर फोनची अ‍ॅप्स संगणकावर चालवतं. त्यात कळ आज्ञेला नाही, जागेला बांधतात. स्पेसबार दाबला की उडीच्या बटणावर जणू बोट टेकतं. ती जागा पडद्याच्या टक्केवारीत नोंदलेली असते, म्हणून खिडकी लहान केली तरी बोट चुकत नाही. पुढची पायरी भाच्याची: एक खिडकी मुख्य, बाकीच्या तिची नक्कल करणाऱ्या. सगळ्यांना हे रुचत नाही. एका दाबात अनेक पात्रं हलवणाऱ्या सॉफ्टवेअरला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'नं नोव्हेंबर २०२० मध्ये मनाई केली. मला विचाराल तर बरोबरच केलं. दहा हातांच्या माणसाशी दोन हातांनी कोण लढणार?

हे त्याच लॅपटॉपवर लिहितोय. चारही कळांवरची अक्षरं पार पुसलीत, पण माझं अडत नाही. दिल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं १९८६ मध्ये ठरवलेला इन्स्क्रिप्ट कळफलक बोटांत बसलाय. ज्या डब्ल्यूनं भाचा पुढं धावतो, तिनं मी 'पैसे'मधल्या 'पै'च्या मात्रा देतो. डीनं तो उजवीकडं सरकतो, मी जोडाक्षर जोडतो.