कडू आसवे

गोव्यात कंट्री संगीताचा विषय निघाला की बहुतेकांना जिम रीव्हज आठवतो. मखमली आवाज, मागे व्हायोलिनची साथ आणि विरहाची गाणी. हा रीव्हज ३१ जुलै १९६४ रोजी नॅशव्हिलजवळ विमान अपघातात गेला. त्याच उन्हाळ्यात त्याच नॅशव्हिलमध्ये एक अगदी निराळी ध्वनिमुद्रिका तयार झाली होती. गायक होता जॉनी कॅश आणि तिचे नाव होते ‘बिटर टीअर्स’, म्हणजे कडू आसवे.

कॅश तेव्हा यशाच्या शिखरावर होता. १९६३ सालचे त्याचे ‘रिंग ऑफ फायर’ सात आठवडे कंट्री गाण्यांच्या यादीत पहिले होते. कोलंबिया कंपनीला त्याच्याकडून आणखी तसलीच गाणी हवी असणार, हे सांगायला नको. पण त्याने आठ गाण्यांचा अख्खा संच अमेरिकेच्या मूलनिवासींवर केला. त्यातली पाच गाणी पीटर ला फार्ज या लोकगायकाची, दोन खुद्द कॅशची. एका गाण्यात चेरोकी भाषेला लिपी देणारा सेक्वोया भेटतो. दुसऱ्यात सेनापती कस्टरची सरळ थट्टा आहे. वाद्यमेळ अगदी मोजका. शब्द ऐकू यावेत एवढीच योजना.

पहिले गाणे किंझुआ धरणावरचे. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना १७९४ साली सेनेका लोकांशी तह झाला आणि त्यांची जमीन त्यांचीच राहील असे वचन दिले गेले. १९६० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात धरण बांधून सेनेकांची सुमारे १० हजार एकर जमीन पाण्याखाली घातली गेली. कॉर्नप्लांटर या त्यांच्या जुन्या मुखियाची समाधीसुद्धा हलवावी लागली. साळावली धरणाच्या पाण्यात गेलेले मोगूबाईंचे कुर्डी गाव ज्याने मे महिन्यात पाणी ओसरल्यावर पाहिले आहे, त्याला हे गाणे समजायला अमेरिकेचा इतिहास फारसा वाचावा लागणार नाही.

पण वादळ उठले ते आयरा हेझच्या गाण्यावरून. हेझ हा ॲरिझोनातल्या पिमा जमातीचा तरुण. वरच्या अंगाच्या वसाहतवाल्यांनी गिला नदीचे पाणी वळवल्यामुळे पिमांची शेती सुकून गेली होती. हेझ सैन्यात गेला. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा बेटावर सहा सैनिक झेंडा उभारतानाचे जे जगप्रसिद्ध छायाचित्र निघाले, त्यातला तो एक. सहांपैकी तिघे त्याच बेटावर मारले गेले. हेझ परतला, त्याचे सत्कार झाले, मिरवणुका निघाल्या. मग तो आपल्या कोरड्या गावी गेला आणि दारूत बुडाला. २४ जानेवारी १९५५ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तो उघड्यावर मृतावस्थेत सापडला. दफन मात्र आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत, सन्मानाने झाले.

हे गाणे अल्बमच्या आधी स्वतंत्र तबकडी म्हणून बाजारात आले. बऱ्याच रेडिओ केंद्रांनी ते वाजवलेच नाही. सरकारने कसलीही बंदी घातली नव्हती. नुसते बाजूला ठेवून दिले की काम भागत होते. तेव्हा कॅशने २२ ऑगस्ट १९६४ च्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकात स्वतःच्या खर्चाने पानभर जाहिरात दिली. ज्या निवेदकांच्या आणि केंद्रचालकांच्या हाती त्याचे पोट होते, त्यांनाच त्याने जाहीरपणे विचारले की तुमची हिंमत गेली कुठे? गाणे अखेर कंट्री यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचले, आणि ऑक्टोबरमध्ये आलेला अल्बम दुसऱ्या.

एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. आपल्या अंगात चेरोकी रक्त आहे असे कॅश त्या काळी सांगत असे. ते खरे नव्हते, आणि पुढे त्याने तो दावा सोडला. काहींना यावरून सगळा खटाटोपच खोटा वाटतो. मला तसे वाटत नाही. परक्याच्या दुःखासाठी उभे राहायला रक्ताचे नाते लागतेच असे नाही; कॅशला ते जोडून घ्यावेसे वाटले, ही त्याची उणीव म्हणा. डिसेंबर १९६८ मध्ये तो साउथ डकोटातल्या रोझबड वसाहतीत सू लोकांपुढे गाऊन आला आणि वूंडेड नी येथील हत्याकांडाची जागाही त्याने पाहिली. तो नाद केवळ एका अल्बमपुरता नव्हता.

पीटर ला फार्ज १९६५ सालीच वारला. कॅश २००३ मध्ये गेला. २०१४ साली, पन्नास वर्षे झाली म्हणून, एमीलू हॅरिस, क्रिस क्रिस्टॉफरसन अशा गायकांनी ही गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. गाजलेली गाणी पुन्हा गायली जातात यात नवल नाही. ही तर एकेकाळी कपाटात ठेवून दिलेली गाणी. गायकाने भांडून ती बाहेर काढली नसती, तर पन्नास वर्षांनी ती आठवली तरी असती का, कोण जाणे.