सिंहगडाच्या माथ्यावर देवयानी

कार्तिकातली अमावास्या जवळ आली आहे आणि तुम्ही राजगडाच्या पद्मावती माचीवर बसला आहात. गुंजवण्याहून चोरदरवाज्यानं चढून आलात, पोटऱ्या अजून थरथरताहेत. दिवसभर तापलेल्या कातळाची ऊब पाठीला लागते आहे. खाली वेल्ह्याच्या खोऱ्यात भाताची कापणी उरकत आली आहे. पश्चिमेला तोरणा काळा पडत चाललाय. ईशान्येला, पंधरा किलोमीटरवर, सिंहगडाची कड आहे आणि तिच्यावर दूरदर्शनचा मनोरा.

तुमच्या पिशवीत एक जुनी इंग्रजी कादंबरी आहे. फ्रेड हॉईल आणि जॉन एलियट यांची ‘ए फॉर अँड्रोमेडा’. 1962 साली आलेली, आदल्या वर्षीच्या दूरचित्रवाणी मालिकेवरून लिहिलेली. अँड्रोमेडा म्हणजे आपली आभाळातली देवयानी. साडेआठच्या सुमारास ती बरोबर सिंहगडाच्या वर येईल. तोवर वेळ आहे. तेवढ्या वेळात काही सालं फिरून या.

पहिला मुक्काम 4 फेब्रुवारी 1670. जागा हीच, माची हीच. माघातली थंडी आहे, वद्य नवमीचा चंद्र उगवायचा आहे. तुमच्या आजूबाजूला माणसं उभी आहेत आणि कुणीच बोलत नाही. सगळ्यांचे डोळे कोंढाण्याकडे, म्हणजे आजच्या सिंहगडाकडे. मध्येच तिकडे एक ठिणगी दिसते, ती वाढते, तिचा लोळ होतो. मावळ्यांनी पागेचे खण पेटवले आणि तो उजेड शिवाजीराजांनी राजगडावरून पाहिला, असं सभासदानं आपल्या बखरीत लिहून ठेवलं आहे. माचीवर एकदम गलका होतो. गड आपला झाला!

पण त्या उजेडाला एवढंच सांगता येतं. मोहिमेचा सरदार तानाजी मालुसरे पडला, हे त्यातून कळत नाही. दोर कसे कापले गेले, तानाजीचा भाऊ सूर्याजी यानं पळणाऱ्यांना कसं परत फिरवलं, हे त्यातून कळत नाही. आग पहाटेपर्यंत विझते. पुढे तुळशीदास शाहीर डफावर थाप मारून पोवाडा गातो, हरिभाऊ आपटे कादंबरी लिहितात, आणि ज्यांनी ती आग पाहिली नाही त्यांना ती दिसू लागते. आपल्या आजच्या गोष्टीचं मूळ इथं आहे. खूण क्षणभर चमकते. तिचं काय झालं हे सांगायला माणूस बसावा लागतो.

आता 1961. जुलैची 12 तारीख, याच तालुक्यातलं पानशेत. रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचली, तरी सकाळी धरण फुटलं आणि आंबीचं पाणी पुण्यात शिरलं. पुण्यात तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, कोण माळ्यावर चढलं, काय वाहून गेलं, हे लोकांनी एकमेकांना सांगून जपलं. भिंतीवरची पुराची रेघ पुसली गेली तरी सांगणं राहिलं.

त्याच वर्षीच्या 3 ऑक्टोबरला तुम्ही इंग्लंडमधल्या एका दिवाणखान्यात उभे आहात. काळ्यापांढऱ्या पडद्यावर बीबीसीची नवी मालिका सुरू होते. देवयानीच्या दिशेकडून एक संदेश येतो, रेडिओ दुर्बीण तो पकडते, आणि त्यात एक संगणक बांधायच्या सूचना दडलेल्या निघतात. पुढे त्या संगणकाच्या सांगण्यावरून एक जिवंत स्त्री घडवली जाते. ज्यूली ख्रिस्ती ही तेव्हा जवळपास अनोळखी नटी ती भूमिका करते. कथा केंब्रिजच्या फ्रेड हॉईल या खगोलशास्त्रज्ञाची, पटकथा जॉन एलियट यांची. त्या वेळी हॉईल यांच्याकडे कोल्हापुरात जन्मलेला एक तरुण संशोधन करतो आहे. त्याचं नाव जयंत नारळीकर. आपला गुरू दिवसा विश्वरचनेची समीकरणं मांडतो आणि त्याच हातानं कादंबऱ्याही लिहितो, हे त्याला अगदी जवळून दिसतं आहे.

मालिका सात भागांची, 14 नोव्हेंबरला संपली. मग त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बीबीसीनं चित्रण जपलं नाही. आज त्यातला एकच भाग, सहावा, पूर्ण मिळतो. बाकीच्यांचे तुकडे उरलेत. ज्यूली ख्रिस्तीचा चेहरा, ती दुर्बीण, तो आवाज, बहुतेक सगळं गेलं. तुमच्या पिशवीतलं पुस्तक मात्र आहे.

असं पुस्तक लिहितात कसं, ते आता जवळून पाहा. तुम्ही लेखकाच्या टेबलाशी बसला आहात. समोर पटकथेचा गठ्ठा, हातात पेन. कागदावर एवढंच आहे: बाहेर. रात्र. दुर्बीण. पडद्यावर हे तीन शब्द पुरतात, कारण बाकीचं कॅमेरा दाखवतो. तुमच्याकडे कॅमेरा नाही. वारा कुठून येतोय, पाळीवर असलेल्या माणसाचा चहा किती वेळापूर्वी निवलाय, कागदी पट्टीवरची रेघ पहिल्यांदा हलली तेव्हा त्याला काय वाटलं, हे सगळं तुम्हाला शब्दांनी उभं करायचं आहे. संवाद तुमचे नाहीत, पात्रं तुमची नाहीत, शेवटही ठरलेला. तुमच्या हाती आहे ती पात्रांच्या मनातली जागा, कारण पडद्याला तिथं जाता येत नाही.

कित्येकांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं. जेम्स ब्लिश हा मोठ्या मानाचा विज्ञानलेखक, स्वतःच्या कादंबरीसाठी ह्यूगो पुरस्कार मिळवलेला. 1967 पासून त्यानं ‘स्टार ट्रेक’च्या पटकथांवरून कथा लिहायला घेतल्या आणि 1975 साली मरेपर्यंत लिहीत राहिला. कधी त्याच्या हाती पटकथेचा आधीचा खर्डा पडे, म्हणून पुस्तकातला प्रसंग पडद्यावरच्याहून वेगळा निघे. टेरन्स डिक्स यानं ‘डॉक्टर हू’ मालिकेची साठाहून अधिक पुस्तकं लिहिली. त्या मालिकेचेही कितीतरी जुने भाग बीबीसीनं पुसून टाकलेले. इंग्लंडमधल्या एका पिढीला ते भाग डिक्सच्या आणि त्याच्यासारख्यांच्या सरळ, चटपटीत वाक्यांतूनच भेटले. समीक्षक अशा पुस्तकांकडे सहसा वळत नाहीत. मला मात्र असा लेखक फार जवळचा वाटतो. दुसऱ्याची गोष्ट आपलं नाव मोठं न करता नीट पोचवायची, याला मोठं मन लागतं.

पुढचा मुक्काम 1974. आदल्याच वर्षी सिंहगडावरचा मनोरा सुरू झालाय आणि मुंबई दूरदर्शनचं चित्र पुण्याकडे उतरू लागलंय. नारळीकर दोन वर्षांपूर्वी मायदेशी परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहेत. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहिली आहे. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून आद्याक्षरं उलटी करून लेखकाचं नाव घेतलं: नारायण विनायक जगताप. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी आपल्या हातानं उतरवून काढली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. नाव बाजूला ठेवून गोष्ट पुढे केली, आणि मराठी विज्ञानकथेला नवं बळ मिळालं.

आता 1980चं दशक, रविवारची सकाळ, भोर. राजवाड्याजवळच्या गल्लीतल्या एका घरात टीव्ही आहे आणि सतरंजीवर अर्धी गल्ली. तुम्ही दहा वर्षांचे, वेल्ह्याकडून मामाकडे आलेले. एक जण पत्र्यावर चढून अँटेना फिरवतोय.

“आलं का?”

“मुंग्या!”

“आता?”

“आलं, आलं, हात नको लावू!”

‘स्टार ट्रेक’ सुरू होतं. इंग्रजी निम्मं डोक्यावरून जातं, पण टोकदार कानांच्या स्पॉकवरून तुमची नजर हलत नाही. ऐन रंगात वीज जाते.

संध्याकाळच्या एसटीनं तुम्ही गावी परतता. गाव तोरण्याच्या आडोशाला. दूरदर्शनच्या लहरी सरळ रेषेत जातात, वाटेत डोंगर आला की त्याच्यामागं सावली पडते. त्या सावलीत तुमचं घर. कंदिलाभोवती पोरं जमतात आणि तुम्ही सांगायला बसता. जे कळलं ते सांगता, जे कळलं नाही ते भरता, आणि वीज गेल्यावर काय झालं असेल ते सरळ रचता. आजी भाकरी थापता थापता थांबते.

“आरं, त्यो कानवाला मानूस मागारी आला का न्हाई?”

“आला की आजी. त्यानंच तर यान वाचवलं.”

काही वर्षांनी पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात तुम्हाला ब्लिशचं एक पुस्तक मिळतं. शब्दकोश शेजारी ठेवून तुम्ही ते वाचता आणि वीज गेलेल्या त्या रविवारचा भाग पहिल्यांदा पुरा होतो. स्पॉकनं यान वाचवलेलं नसतं. तरी तुम्हाला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. ब्लिशनं पटकथा पुढ्यात घेऊन केलं तेच तुम्ही कंदिलाशी केलं होतं. जिथं चित्र पोचत नाही तिथं गोष्ट पोचवली.

डोळे उघडा. साडेआठ वाजले. कातळ निवलाय. सिंहगडावर मनोऱ्याचे दिवे आहेत आणि त्यामागं पुण्याचा उजेड आभाळाला चढलाय. उत्तरेला शर्मिष्ठा तारकासमूहाची वाकडी आकृती शोधा. तिचं टोकदार अंग जिकडे रोखलंय तिकडे नजर न्या. तिथं एक पुसट धब्बा आहे, बोट ओलं करून फळा पुसावा तसा. ती देवयानी दीर्घिका. हा उजेड तिथून निघाला त्याला सुमारे 25 लाख वर्षं झाली.

त्या उजेडालाही एवढंच सांगता येतं, की मी आहे.

तुम्ही बॅटरी लावता, पुस्तक मांडीवर ठेवून वही उघडता आणि वरच्या कोपऱ्यात लिहिता: बाहेर. रात्र. माची. मग त्या तीन शब्दांच्या पुढे लिहायला लागता.