वयानुसार वसती : मढच्या कोळीवाड्यापासून सिंधुदुर्गापर्यंत

वर्सोव्याच्या खाडीपलीकडे दिसणारे मढ हे मुंबई उपनगर जिल्ह्याचे पश्चिम टोक. होडीने खाडी ओलांडण्यास काही मिनिटे पुरतात. रस्त्याने जायचे तर मालाड, मार्वे, आक्सा असा लांबचा वळसा पडतो. सकाळच्या होडीने अंधेरीकडे जाणाऱ्यांत महाविद्यालयीन मुले आणि नोकरदार तरुण अधिक असतात. किनाऱ्यावर बांबूंच्या उभ्या-आडव्या मांडणीवर बोंबील वाळत घालणाऱ्या हातांत मध्यमवयीन व वृद्ध स्त्रियांचे हात जास्त. शनिवार-रविवारी याच किनाऱ्यावरील बंगल्यांत शहरातील तरुणांचे जथे उतरतात आणि सोमवारी परततात. कोणत्या वयाचा माणूस कोठे राहतो, या प्रश्नाचे छोटे रूप या एका पट्टीवर पाहावयास मिळते.

महाराष्ट्रात ऊन सर्वत्र आहे आणि समुद्रकिनारा शेकडो किलोमीटरचा आहे. तरीही वय आणि वसती यांचे राज्यातील नाते ऊन-वाऱ्यापेक्षा रोजगार, घरभाडे आणि रेल्वेमार्ग यांनी अधिक ठरविले आहे. जनगणनेचे आकडे हेच सांगतात.

आकडे काय सांगतात?

२००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली, म्हणजे साडेसात टक्क्यांनी घटली. उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ८६ लाख ४० हजारांवरून ९३ लाख ५७ हजारांवर गेली. वाढ आठ टक्क्यांच्या आसपास राहिली. त्याच काळात ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर त्यातच होता, तो १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला) ३६ टक्क्यांनी, तर पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी वाढला. दक्षिणेकडे रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर उतरली.

या बेरजा-वजाबाक्यांमागे वयाचा हिशेब आहे. लग्न झालेली जोडपी आणि त्यांची मुले ठाणे-पुण्याकडे सरकली. जुन्या मुंबईत आणि कोकणातील गावांत मागे राहिलेल्यांत वडीलधाऱ्यांचा वाटा वाढला. २०११ मध्ये राज्यातील ६० वर्षांवरील लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते. देशाचे प्रमाण तेव्हा ८.६ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत राज्याचा प्रजननदर १.७ इतका नोंदला गेला. पिढी तेवढीच टिकण्यासाठी हा दर सुमारे २.१ असावा लागतो. म्हणजे पुढील काळात वृद्धांचा वाटा वाढतच जाणार. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली आणि नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरविण्यात आली. त्यामुळे जिल्हानिहाय संपूर्ण मोजणीसाठी २०११ चेच आकडे आधाराला घ्यावे लागतात.

शिक्षण आणि पहिली नोकरी

अठरा ते पंचविशीतील तरुणाचा पहिला मुक्काम बहुधा पुणे असतो. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठ आणि महाविद्यालयांभोवती वसतिगृहे, खानावळी आणि 'कॉट बेसिस'वर दिल्या जाणाऱ्या खोल्यांचे जाळे उभे राहिले. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातील तरुणांना आणले. पुढे हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान संकुलाने अभियंत्यांना. हा वयोगट घर विकत घेत नाही, खोली वाटून घेतो. भाडे, कामाच्या ठिकाणचे अंतर आणि रात्री जेवण मिळण्याची सोय या तीन गोष्टी पाहून तो वर्षा-दोन वर्षांनी पत्ता बदलतो.

मुंबईत या वयाचे तरुण अंधेरी, गोरेगाव, मालाड या पट्ट्यात अधिक आढळतात. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, तेव्हा पश्चिम आणि पूर्व उपनगरांतील नोकऱ्या एकाच तिकिटाच्या अंतरात आल्या. चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात उमेदवारी करणारी मुले वर्सोव्याच्या आसपास दाटीवाटीने राहतात. खाडीपलीकडचे मढचे बंगले त्यांना चित्रीकरणाच्या निमित्ताने दिसतात, राहण्यासाठी नव्हे.

संसार आणि हप्ते

तिशी ते पन्नाशीच्या वयात प्रश्न बदलतो. मुलांची शाळा, स्वतःचे घर आणि त्याचे हप्ते या तिन्हींचा मेळ जेथे बसेल तेथे कुटुंब जाते. मुंबईत हा मेळ सतत उत्तरेकडे आणि पूर्वेकडे सरकत आला आहे. चर्चगेट-बोरिवली मार्गावर १९२८ मध्ये विजेवरची गाडी धावली आणि गिरगाव-दादरच्या चाळींतील कुटुंबांना पार्ले, मालाड, बोरिवली जवळ वाटू लागले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन खाडीपलीकडे नवी मुंबई आकाराला आली. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातील अनेक कुटुंबे डोंबिवली, कल्याण, नालासोपारा, विरार येथे गेली, तर काही थेट गावी परतली. २०११ पर्यंत कल्याण-डोंबिवली आणि वसई-विरार या दोन्ही महापालिकांची लोकसंख्या प्रत्येकी बारा लाखांवर पोहोचली होती.

जुन्या मुंबईत घडले ते याच्या उलट. भाडेनियंत्रणाच्या १९४७ च्या कायद्याने आणि त्याची जागा घेणाऱ्या, ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने जुन्या भाडेकरूंना संरक्षण दिले. पागडीच्या खोलीत नाममात्र भाड्यावर राहणाऱ्या आजी-आजोबांना ती खोली सोडणे परवडत नाही; त्याच चाळीत दुसरी खोली घेणे मुलाला परवडत नाही. आई-वडील लालबागला, मुलगा बदलापूरला आणि मधे दीड तासाची लोकल अशी विभागणी हजारो घरांत झाली, तिचे मूळ या हिशेबात आहे.

निवृत्तीनंतर

निवृत्तांच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली वाट पुण्याची. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरची कोरडी हवा, रुग्णालये, ग्रंथालये आणि नाट्यगृहे यांमुळे 'पेन्शनरांचे गाव' हे बिरुद पुण्याला फार पूर्वीच चिकटले. सर्वांत तरुण आणि सर्वांत वडीलधारा असे दोन्ही वयोगट ओढणारे असे शहर राज्यात दुसरे नाही. ज्येष्ठांसाठीचे स्वतंत्र गृहप्रकल्पही राज्यात ठळकपणे येथेच रुजले. अशा प्रकल्पांसाठी महारेराने २०२४ मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. चाकाच्या खुर्चीला पुरेल असे रुंद दरवाजे, दृकश्राव्य सूचना देणारी उद्वाहने, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे अशा बाबी त्यांत आहेत. 'ज्येष्ठांसाठी' अशी केवळ पाटी लावून घर विकण्यास त्यामुळे काहीसा आळा बसला.

दुसरी वाट गावाची. कोकणातील चाकरमान्याने उमेदीची वर्षे मुंबईत काढायची आणि निवृत्तीनंतर वडिलोपार्जित घराची कौले परतून तेथे राहायचे, ही जुनी रीत. पुरुष मुंबईत आणि स्त्रिया-वृद्ध गावी या विभागणीचा ठसा लिंगगुणोत्तरात उमटलेला आहे. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत १,१२२ आणि सिंधुदुर्गात १,०३६ स्त्रिया होत्या. मुंबई शहरात ही संख्या ८३२ आणि उपनगरात ८६० होती. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि गणपती-शिमग्याची ये-जा सोपी झाली. गाडीने परतण्याची सोय केली. गावात राहण्याचे काम मात्र तिने आणले नाही. परिणामी अनेक वाड्यांत उत्सवापुरती उघडणारी घरे आणि वर्षभर एकट्याने दिवा लावणारी वृद्ध माणसे शेजारी-शेजारी आहेत. एसटीने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास दिला, त्याचा मोठा उपयोग तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जाण्यासाठी होतो. तज्ज्ञ डॉक्टरसाठी पुढे कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई गाठावी लागते आणि ऐंशीच्या घरात पोहोचलेल्यांची गावी राहण्याची उमेद येथेच खचते.

तिसरी वाट सर्वांत मोठी : आहे तेथेच राहण्याची. बहुसंख्य ज्येष्ठ कोठेही जात नाहीत. उद्वाहन नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला, ओळखीचा वाणी, देवळाचा कट्टा आणि शेजारी हेच त्यांचे जग असते.

कायद्याचा आधार

घर हीच बहुतेक ज्येष्ठांची एकमेव मोठी मिळकत. ती मुलांच्या नावे करून दिल्यानंतर निराधार होण्याचे प्रसंग लक्षात घेऊन आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा केंद्राने २००७ मध्ये केला. त्यातील २३ वे कलम महत्त्वाचे आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरणाला रद्द ठरविता येते. ही अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहिलेली असणे हिताचे. निर्वाहासाठीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करता येतो. मदत आणि माहितीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

परदेशातील उदाहरण

वयानुसार वसतीची टोकाची उदाहरणे अमेरिकेतील उन्हाळी राज्यांत आढळतात. ॲरिझोनातील सन सिटी ही निवृत्तांची वसाहत १ जानेवारी १९६० रोजी खुली झाली. थंडीच्या प्रदेशातील वृद्धांना ऊन, गोल्फ आणि समवयस्कांची सोबत एकत्र विकण्याची ती कल्पना होती. फ्लोरिडातील सम्टर काउंटीत निम्म्याहून अधिक रहिवासी ६५ वर्षांवरील आहेत. तेथील मोठी वस्ती 'द व्हिलेजेस' या निवृत्तांच्या नगरीची. पंचावन्न वर्षांवरील लोकांसाठी वसाहत राखून ठेवण्याची मुभा तेथील कायदा देतो. तेथील ज्येष्ठ निवृत्तिवेतन आणि घराची किंमत बरोबर घेऊन निघतात. महाराष्ट्रात अशी निवड मूठभरांना साधते. बाकीच्यांच्या बाबतीत मुले निघून गेल्याने गाव वृद्ध होते.

पुन्हा मढ

मढमध्ये आजवर सर्व वयांची माणसे एका छपराखाली राहत आली, कारण व्यवसायच तसा होता. तांडेल म्हणून अनुभवी माणूस, जाळे ओढायला तरुण, मासळी वाळवायला आणि विकायला घरातील स्त्रिया, जाळी दुरुस्त करायला वृद्ध. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळातही वृद्धांचे काम थांबत नाही. किनाऱ्यावरील सतराव्या शतकातला किल्ला पोर्तुगिजांनी बांधला आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. वसतीची ही घडी मात्र सत्ता बदलल्या तरी टिकली.

आता ती सैल होते आहे. शिकलेला तरुण समुद्राऐवजी कार्यालय निवडतो आणि होड्यांवर बाहेरगावचे खलाशी येतात. कुटुंब वाढते, घर वाढत नाही. मुंबईतील कोळीवाड्यांचे नकाशे करून तेथील घरांच्या बांधकामाला स्थानिक नियमांनुसार मुभा देण्याची तरतूद २०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत होती; सीमांकनाचा आग्रह कोळी समाज दीर्घकाळ धरत आला आहे. सीमा निश्चित नसेल तर मुलाने स्वतंत्र खोली बांधायची कोठे, हा प्रश्न राहतो आणि तो मालाड किंवा त्यापलीकडे भाड्याने जातो.

वर्सोवा आणि मढ यांना जोडणाऱ्या पुलाची योजना महापालिकेने आखली आहे. पूल झाल्यास रात्रीच्या वेळी रुग्णाला अंधेरीच्या इस्पितळात नेणे सोपे होईल, मुलींना संध्याकाळच्या वर्गांना जाता येईल, नोकरदार तरुणाला मढमध्येच राहता येईल. त्याच पुलावरून जमिनीचे भावही येतील. बाहेरच्या निवृत्तांना आणि श्रीमंतांना समुद्रासमोरचे घर जवळ वाटू लागले, तर स्थानिक तरुणाला तेच घर दूर होईल. म्हणून पुलाचा पहिला खांब उभा राहण्याआधी कोळीवाड्याची सीमा कागदावर येणे अगत्याचे आहे. मढची पुढची पिढी मढमध्ये राहील की सणापुरती येईल, हे त्या रेषेवर बरेचसे ठरणार आहे.