रॅन्डी शिल्ट्स: कुणाच्या मरणाची बातमी होते?

१९८२ साली शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधात कुणीतरी सायनाइड मिसळले. सात माणसे मेली. न्यूयॉर्क टाइम्सने पूर्ण ऑक्टोबर महिना त्यावर रोज बातमी छापली. तोवर अमेरिकेत एड्सने अडीचशेहून जास्त बळी घेतले होते. त्यावर याच वर्तमानपत्रात दोन वर्षांत मिळून सहा बातम्या! पहिल्या पानावर एकही नाही. मेलेले बहुतांश समलिंगी पुरुष होते, एवढेच कारण पुरेसे होते.

हा हिशेब मांडला रॅन्डी शिल्ट्स याने. तो स्वतः समलिंगी. विद्यार्थी असतानाच त्याने ते उघडपणे सांगितले होते. १९७५ ला पत्रकारितेची पदवी घेतली, पण प्रस्थापित वर्तमानपत्रांची दारे बंद. अखेर १९८१ साली सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलने त्याला घेतले. त्याच वर्षी एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले.

मित्रांनो, समाजातला पत्रकार म्हणजे समाजाचा भाट नव्हे. एड्सकडे काणाडोळा करणारे रेगन सरकार, पैशासाठी तपासणी टाळणाऱ्या रक्तपेढ्या यांना शिल्ट्सने धारेवर धरलेच. पण संसर्ग पसरवणारी समलिंगींची स्नानगृहे बंद करा, असेही लिहिले. आपलीच माणसे त्याच्यावर थुंकली. गद्दार म्हणाली.

१९८७ साली त्याचे 'अँड द बँड प्लेड ऑन' आले. लेखणीवर परिणाम नको म्हणून पुस्तक पुरे होईपर्यंत त्याने स्वतःच्या तपासणीचा निकाल ऐकला नाही. निकाल निघाला एचआयव्ही बाधित. १९९४ मध्ये, ४२ व्या वर्षी तो गेला.

पण याच पुस्तकाने एक अन्यायही केला, तो झाकून चालणार नाही. एका कॅनेडियन विमान कर्मचाऱ्याला त्यात 'पेशंट झीरो' म्हणून नावानिशी रंगवले. प्रकाशकाने तेच विकले आणि ज्या माध्यमांना शेकडो मरणे दिसली नव्हती त्यांना एक खलनायक मात्र लगेच दिसला. मुळात संशोधकांच्या नोंदीत ते शून्य नव्हतेच; 'कॅलिफोर्नियाबाहेरचा' या अर्थाचे इंग्रजी 'ओ' अक्षर होते. २०१६ साली जुन्या रक्तनमुन्यांच्या जनुकीय अभ्यासाने सिद्ध केले की विषाणू १९७० च्या आसपासच न्यूयॉर्कमध्ये पोहोचला होता, त्या माणसाने तो आणलेला नव्हता. तेव्हा त्याला मरून बत्तीस वर्षे झाली होती.