धुक्यातली ठिणगी

बिनतारी तारायंत्र म्हटले की बहुतेकांना आठवतो अटलांटिक ओलांडणारा मार्कोनी, नाहीतर 1912 सालची टायटॅनिक. मला मात्र या शोधाची गोडी लागली ती एका चिमुकल्या बेटामुळे. रॅथलिन त्याचे नाव. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यापासून अवघे पाचसहा मैल. अमेरिकेहून येणाऱ्या बोटी त्याच्या अंगावरून जात, आणि कोणती बोट सुखरूप आली हे लंडनच्या ‘लॉइड्स’ या विमासंस्थेला तातडीने हवे असे. बेटावरून निशाणे दाखवायची, किनाऱ्यावर ती दुर्बिणीने वाचायची. धुके पडले की सारा कारभार आंधळा! आणि तिकडे धुके म्हणजे पाहुणा नव्हे, घरचेच माणूस.

1898 च्या जुलैत मार्कोनीचा मदतनीस जॉर्ज केंप आणि डब्लिनचा तरुण पदवीधर ग्लॅनव्हिल यांनी तेथे यंत्र मांडले. यंत्र तरी कसले? एका काठावर विजेची ठिणगी पाडायची. दुसऱ्या काठावर काचेच्या नळीतला धातूचा कीस तिच्या लहरींनी एकमेकांस चिकटतो व त्यातून वीज वाहते. लगेच एक इवलीशी हातोडी नळीला टिचकी मारते, कीस पुन्हा मोकळा! एवढ्यावर धुक्यातून जहाजांची नावे किनाऱ्यास पोचू लागली. पण ऑगस्टमध्ये बिचारा ग्लॅनव्हिल त्याच बेटाच्या कड्यावरून पडून मेला. ग्रंथांत त्याच्या वाट्याला एखादी ओळ येते. माझ्या मनातून तो जात नाही.

वर्षअखेरीस इंग्लंडजवळ, गुडविनच्या घातकी वाळूपाशी नांगरलेल्या दीपनौकेवर हेच यंत्र बसले. बारा मैलांवर साउथ फोरलँडचे दीपगृह. मार्च 1899 मध्ये ‘एल्बे’ जहाज वाळूत रुतले, तेव्हा दीपनौकेने बिनतारीने जीवरक्षक होडी मागवली. एप्रिलात तर ‘आर. एफ. मॅथ्यूज’ ही आगबोट धुक्यात दीपनौकेवरच आदळली. राखणदारानेच हाक मारली, आणि ती ऐकली गेली.

हे वाचताना मन आपल्या किनाऱ्याकडे वळल्यावाचून राहत नाही. 17 जुलै 1947 रोजी सकाळी ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला निघाली, ती भर पावसाळी समुद्रात उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. काही जण पोहत किनाऱ्याला लागले, तेव्हा कित्येक तासांनी मुंबईला कळले.