धानाच्या बांधीतील राखणदार

गोंदिया जिल्ह्याच्या, म्हणजे 1999 पूर्वीच्या भंडारा जिल्ह्याच्या पूर्व भागाच्या, धानशेतीचा इतिहास बहुधा तलावांच्या अंगाने लिहिला जातो. नवेगावबांध बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळींचे नाव त्यात येते, 1950 च्या मालगुजारी उन्मूलन कायद्याने तलाव सरकारजमा झाल्याची नोंदही येते, मात्र त्या पाण्यावर बांधीत कोणते जीव पोसले गेले हे क्वचितच सांगितले जाते.

रोवणीनंतर पाणी साचताच धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गवतातील लांडगा कोळी धानाच्या बुंध्याशी येतो आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून धावत तुडतुडे टिपतो. हिरवा मिरीड ढेकूण त्यांची अंडी शोषतो. गादमाशीची अळी कोंबात शिरली, की पानाऐवजी कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी पोंगा निघतो व त्या फुटव्याला लोंबी येत नाही. या माशीच्या अंड्यात आपले अंडे घालून पुढे तिची अळीच संपवणारा ‘प्लॅटिगॅस्टर ओरायझी’ हा परोपजीवी कीटक मात्र यजमान वाढल्यावरच वाढतो, त्यामुळे ढगाळ, दमट हवेत माशी आधी फोफावते आणि उशिरा रोवलेले धान अधिक सापडते. धुरे जाळून साफ करण्याचा उपाय म्हणूनच दुधारी आहे, कारण किडीबरोबर तिच्या शत्रूंचाही आसरा जातो.

हा समतोल बिघडला तो 1960 च्या दशकानंतर, जेव्हा ‘जया’सारखे बुटके, खताला प्रतिसाद देणारे वाण आणि कालव्याच्या पाण्यावरचे उन्हाळी धान यांच्या जोडीला बीएचसी ही कीटकनाशक पावडर आली. पावडरीने कोळी मरत, तर पानाच्या आवरणात घातलेली तुडतुड्याची अंडी वाचत, आणि त्यांतून निघालेल्या पिलांना शत्रूच उरत नसे. याच कारणाने इंडोनेशियाने 1986 मध्ये धानावरील 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. भारतात बीएचसीवर बंदी 1997 मध्ये आली, हे उशिराचे शहाणपणच म्हणावे लागेल.

बांधीतील राखणदारांना पावडरीने मारले, तर भाजीपाल्यावरील लाल कोळी (माइट) खाणाऱ्या भक्षक कोळ्यांची अडचण वेगळी, हवामानाची आहे. युरोपातील काचगृहांत सोडल्या जाणाऱ्या ‘फायटोसियुलस पर्सिमिलिस’ या भक्षक कोळ्याची अंडी हवेतील आर्द्रता सुमारे 60 टक्क्यांखाली गेल्यास नीट उबत नाहीत, आणि गोंदियाचा मे महिना तर 40 अंशांपलीकडचा व कोरडा असतो, त्याच उन्हात, धुळीने माखलेल्या पानांवर लाल कोळी मात्र जोमाने वाढतो.