शब्दवेध : कृपा

‘यंदा पावसाची अवकृपा’ हे वाक्य नगर जिल्ह्याला नवं नाही. यातला ‘कृपा’ मूळचा संस्कृत. ‘कृप्’ या धातूला वेदकाळी विलाप करणं, कळवळणं असा अर्थ होता. ‘कृपण’ही त्याच कुळातला; आधी तो दीनवाणा, मग कंजूष. म्हणजे कृपेच्या मुळाशीच रडणं आहे. मला या शब्दाचं मोल वाटतं ते इथेच: दुःख पाहून जो कळवळतो, त्याची ती कृपा.

याच जिल्ह्यातल्या नेवाशात 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि गुरुकृपा मराठीच्या हाडीमाशी मुरली. पुढे ख्रिस्ती मराठीनेही हाच शब्द घेतला. बायबलात प्रेषित पौल शरीरातला काटा काढावा म्हणून प्रभूला तीनदा विनवतो. काटा तसाच राहतो. माझी कृपा तुला पुरे, दुबळेपणातच माझं बळ पूर्णत्वाला येतं, असं उत्तर मिळतं.

नगरला राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी हे सोसून पाहिलं. 1895 मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लहान मुलाला, दत्तूला, घेऊन लक्ष्मीबाईंनी काही वर्षं विरहात काढली. नंतर नगरला आल्या तरी आधी सोवळं पाळत, स्वयंपाक वेगळा ठेवत. 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. तो काटा किती खोल होता, हे ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात त्यांच्याच शब्दांत वाचा.